दिवसपाळीची झोप

पंपांच्या कारखान्यात उभी हयात गेली, म्हणून सगळे त्याला फिटर म्हणत. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, त्या जागेवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, तरी नाव काही सुटलं नाही. कचेऱ्यांमागोमाग बाहेरून पगारदार माणसं आली. आसपासच्या खोल्यांची भाडी अशी चढली की घरमालकांना जुने भाडेकरू डोळ्यांत खुपू लागले. "घर पाहावं बांधून म्हणतात," फिटर म्हणायचा, "बांधायचं राहू द्या, भाड्यानं शोधून दाखवा." त्याच्याही मालकानं एके दिवशी खोली मागितली. बायको आधीच गेली होती. एक ट्रंक आणि हत्यारांची पेटी घेऊन तो लेकीच्या दारात उभा राहिला.

लेकीच्या दोनच खोल्या. आत एक पलंग, त्यावर लेक, जावई आणि नात. बाहेर स्वयंपाकाचा ओटा, आणि ओटा नि दार यांच्या मध्ये फिटरची सतरंजी. लेक एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसायची. सकाळी चहा ठेवायचा तर तिला बापाला ओलांडून जावं लागे. ओलांडण्याआधी ती दर वेळी थबकायची. झोपेचं सोंग घेऊन पडलेल्या फिटरला ते थबकणं कळायचं.

म्हणून त्यानं रात्रीची राखणदारी धरली. नदीपलीकडे एक उंच नवी इमारत झाली होती. घरं जवळजवळ सगळी विकली गेली होती, राहायला मात्र कुणीच आलं नव्हतं. घेणाऱ्यांनी भाव चढेल म्हणून घेऊन ठेवली होती. "भुतांचा रखवालदार झालोय," तो नातीला सांगायचा, "आणि भुतंसुद्धा भाडं परवडत नाही म्हणून येत नाहीत."

सकाळी तो परते तेव्हा जावई गोदामात, लेक दुकानात आणि नात शाळेत जायला निघालेली असे. मग पलंग त्याचा. अंथरूण अजून उबदार असायचं. उशीला नातीच्या तेलाचा वास असायचा. पाठ टेकली की दुपारपर्यंत तो मेल्यासारखा झोपायचा. बरे दिवस होते ते.

मग एका सकाळी तो आला, तर लेक आणि नात गेलेल्या, पण जावई पलंगावर. भिंतीकडे तोंड करून.

"जावईबापू, बरं नाही का?"

"जरा कणकण आहे, बाबा."

फिटर दाराशी सतरंजी टाकून पडला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी जावई उठून बसला आणि खाली बघत म्हणाला, "गोदाम हलवलं त्यांनी. तिकडे माल उचलायला यंत्रं आहेत. आमची अख्खी टोळी काढली. तिला अजून सांगितलं नाही, ती दुकानात गेली की परत येऊन पडतो. तुम्हीही सांगू नका."

"नाही सांगत. मिळेल दुसरं."

"तुम्ही झोपा ना इथे. मी बसतो बाहेर."

फिटरनं त्याच्याकडे पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा आपणही असंच भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, हे त्याला आठवलं. बायकोनं तेव्हा उठवलं नव्हतं.

"मला कुठली झोप? म्हाताऱ्याला झोप कमीच," असं म्हणून तो जिना उतरला.

काही दिवस बागेतल्या बाकावर काढले. माळी हटकायचा. बसमध्ये डुलकी लागायची, तर वाहक शेवटच्या थांब्यावर खांदा हलवायचा. डोळ्यांची आग व्हायला लागली, कामावर पाय लटपटू लागले. शेवटी एका सकाळी पाळी संपल्यावर तो घरी जायला निघालाच नाही. पहिल्या मजल्यावर गिऱ्हाइकांना दाखवायला सजवलेला एक फ्लॅट होता. पडदे, फुलदाणी, गादीवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेला मोठा पलंग. किल्ल्या त्याच्याकडेच होत्या. बूट दाराबाहेर काढून तो आत गेला. प्लास्टिक कुरकुरलं, पण पाठ मऊ गादीत रुतली आणि बघता बघता त्याचा डोळा लागला.

पुढे रोज तेच. आणि एके दिवशी दलाल एका जोडप्याला घेऊन आला. पलंगावर घोरणारा म्हातारा पाहून बाई किंचाळल्या.

सुपरवायझर फार रागावला नाही, म्हणून तर जास्त लागलं. "फिटर, तुमच्या वयाकडे बघून मी ठेवलं होतं. आता वरचे ऐकणार नाहीत. कुणी तरणा माणूस असला ओळखीत तर पाठवा."

संध्याकाळी लेक कामावरून आली आणि ऐकून तिचा तोल गेला. "घरात पलंग रिकामा असताना लोकांच्या घरात झोपायला गेलात? बाबा, हातातली नोकरी घालवलीत तुम्ही! कशावर चालायचं आता?"

नात पुस्तकातून मान वर करून बघत होती. तेवढ्यात जावई आतून आला.

"पलंग रिकामा नव्हता," तो म्हणाला. "मी असतो त्यावर. गोदामातून काढलंय मला. बाबा एक शब्द बोलले नाहीत."

लेक मटकन खाली बसली. रडली नाही. मग उठून तिनं भात लावला, कारण भात लावायचाच होता.

जेवताना फिटर म्हणाला, "जावईबापू, त्या इमारतीला माणूस हवाय. तरणा."

"तुमची जागा मी घेऊ?" जावयाचा घास हातातच राहिला.

"जागा माझी कुठे होती? उद्याच जा. तिसऱ्या मजल्याचा नळ गळतो, तेवढं बघा. डाव्या बाजूची लिफ्ट अडकते, एकटे असताना चढू नका तिच्यात."

जावयाला नोकरी लागली. सकाळी तो येतो, पलंगावर पडतो. त्याची झोपमोड नको म्हणून फिटर दिवसभर बाहेर असतो. पंपांच्या दुकानांतून फिरून झालं. दुरुस्ती आता कुणी करून घेत नाही, बिघडला की नवा आणतात, असं सगळीकडे ऐकायला मिळालं. तरीही हत्यारांची पेटी त्यानं विकलेली नाही. रात्री त्याची सतरंजी पुन्हा ओटा नि दार यांच्या मध्ये.

एका संध्याकाळी, जावई कामाला गेल्यावर, लेक भांडी विसळता विसळता म्हणाली, "बाबा, त्या दिवशी फार बोलले मी. रागावलात का?"

"कुणावर?"

ती नळाखाली तसाच हात धरून विचार करत राहिली. तिला कुणाचंच नाव सुचेना. मग फिटरनंच उठून नळ बंद केला आणि तिच्या हातातली ताटली घेऊन तो पुसायला लागला.