वेल्ह्याहून येणारा तांदूळ

दिवाळी सरली की वेल्ह्याहून तांदळाचं पोतं यायचं आणि फौजियाच्या घशाखाली घास उतरेनासा व्हायचा. घरातले बाकीचे मिटक्या मारत जेवायचे. आंबेमोहोरच तो, शिजायला लागला की आळीभर वास. फौजिया मात्र भाकरीचा डबा घेऊन शाळेत शिकवायला जायची. मला भात सोसत नाही, असं तिनं जगाला सांगून ठेवलं होतं, आणि जगानं ते मानलं होतं. जगाचं काय, फौजियाला भात सोसत नाही हेही त्याला पटतं आणि अय्युबनं मॅच विकली हेही पटतं.

अय्युब म्हणजे फौजियाचे अब्बा. आठवडाभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक आणि रविवारी भोरच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. भोरात फुटबॉल कुठून आला ते विचारू नका, तीन म्हातारे तीन गोष्टी सांगतील आणि तिन्ही खोट्या निघतील. पण नदीकाठच्या मैदानावर मॅच असली की अर्धं गाव लोटायचं. लोक दोन्ही बाजूंना बसायचे. गोलामागं कुणीच बसत नसे, कारण तिथून चार पावलांवर काठ तुटायचा आणि खाली थेट नदीचा डोह. गोलाच्या अगदी पाठीशी, अब्बांच्या खाकी जाकिटाची घडी घालून, तिच्यावर एकटी फौजिया बसायची. "जाकिटावरनं उठायचं न्हाई," एवढा एकच नियम होता.

ते रविवार तिला अजून जसेच्या तसे आठवायचे. फक्कीच्या पांढऱ्या रेघा, शेंगांची टरफलं, अब्बांची हिरवी जर्सी. चेंडू अडवला की अब्बा आधी मागं वळून तिच्याकडं बघायचे आणि मगच तो पुढं मारायचे. ती टाळ्या पिटायची. "अय्युबला लेकीची टाळी लागती, त्याबिगर त्याचा पाय उचलत न्हाई," असं लोक चिडवायचे. सात वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं? सगळं मैदान आपल्याच बापाचं आहे, अशा तोऱ्यात ती बसायची.

आणि मग ती वेल्ह्याच्या संघाबरोबरची फायनल. दिवाळीनंतरचा रविवार होता. बर्फाच्या गोळ्याचा लाल पाक फ्रॉकवर सांडला, अम्मी रागावेल म्हणून फौजिया नियम मोडून हळूच खाली नदीवर फ्रॉक धुवायला उतरली. वरून मोठा गलका ऐकू आला. पाठोपाठ अब्बा धावत काठ उतरून आले, त्यांनी तिचा दंड धरून तिला ओढलं आणि एक सणसणीत थप्पड दिली. उभ्या जन्मात त्यांनी तिला मारलेली ती एकच. मॅच संपली, अब्बा हरले आणि तो राग आपल्यावर निघाला, असं ती समजली. वर आल्यावर लोकांची बोलणी कानांवर पडली. साधा सरपटत आलेला चेंडू अय्युबनं सोडला म्हणे. चेंडूकडं बघितलंही नाही, आणि गोल झाल्यावर तोंड लपवायला नदीकडं पळाला.

हेही एक वेळ विसरता आलं असतं. पण आठच दिवसांनी, ज्यानं तो गोल मारला तो वेल्ह्याचा गोरख तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन त्यांच्या दारात आला. अब्बा त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दोघं पुटपुटत बोलले. बाहेर येताना गोरखचे डोळे लाल होते आणि अब्बांनी ओठांवर बोट ठेवलं होतं. कुठंतरी पाणी मुरतंय, हे सात वर्षांच्या पोरीलाही कळलं. पुढच्या रविवारी अब्बा मैदानावर गेले नाहीत, आणि त्यानंतरही कधीच गेले नाहीत. पोतं मात्र दरसाल येत राहिलं. फौजियानं कुणाला अवाक्षर सांगितलं नाही, पण त्या वर्षापासून तिनं भात सोडला. सत्तावीस वर्षं ती बापाला चहा देत आली, औषध देत आली आणि मनातल्या मनात त्याच्यावर खटला चालवत आली.

यंदा मैदानाला पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरला. तेव्हाचे कॅप्टन आनंदराव शाळा सुटायच्या वेळेला फौजियाला भेटायला आले.

"तुझ्या वडलांच्या नावावरनं आमच्यात दोन तट पडलेत बघ," ते म्हणाले. "तू तर गोलामागंच बसायचीस. त्यांनी मुद्दाम सोडला न्हाई, एवढं तू म्हण. मी बाकीच्यांची तोंडं गप करतो."

"मी लहान होते," फौजिया म्हणाली. "मला आठवत नाही."

आनंदरावांनी तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली. पोरीनंच साथ दिली नाही म्हटल्यावर ते तरी काय करणार? परवापर्यंत यादी छापायला जायची होती. फौजिया घरी आली तर अंगणातल्या दोरीवर हिरवी जर्सी धुऊन वाळत घातलेली. आमंत्रण अजून आलेलं नव्हतं, तरी म्हाताऱ्यानं ती ट्रंकेतून काढली होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याचाही राग आला.

दुसऱ्याच दिवशी गोरख आला. आता केस पिकलेले, गुडघा धरून चालत होता, पण पोतं टेम्पोतून स्वतःच उतरवलं. अब्बा डुलक्या घेत आत पडले होते. फौजिया दारातच आडवी उभी राहिली.

"गोरखकाका, पोतं आत येणार नाही. आधी सांगा, हा तांदूळ कशाचा?"

"कशाचा म्हंजी? तुला ठावं न्हाई?" गोरख चाचरला. "अय्युबभाईंनी सांगितलंच न्हाई तुला?"

"मॅच सोडल्याचा, होय ना?"

गोरखनं पोतं खाली ठेवलं आणि तो पायरीवर बसला.

"पोरी, त्यांनी मॅच सोडली न्हाई. चेंडू माज्या पायात आला तवा त्यांनी सवयीनं मागं बघितलं. जाकिटावर तू नव्हतीस. ते तसंच वळून बघत ऱ्हायले. मला सगळं दिसत हुतं. हा माणूस खेळात न्हाई, ह्यो पोर हुडकतोय, हे मला कळलं हुतं. थांबता आलं असतं. म्या थांबलो न्हाई, चेंडू ढकलला." त्यानं नाक पुसलं. "समदी नाचत हुती. म्या काठावर जाऊन खाली बघितलं. तू शेवाळाच्या दगडावर, एक पाय पाण्यात. त्या डोहात आदल्याच साली दोन पोरं गेली हुती."

फौजिया दारातून बाजूला झाली.

"मंग म्या सांगाया आलो, गावाला खरं सांगतो म्हनलं. त्यांनी शपथ घातली. पोरीपायी भोर हरलं म्हंतील, साळंत तिला जगू देणार न्हाईत, माझं काय, मला सोसंल, म्हणाले. आन् खरं सांगू? कप माज्या हातात हुता, म्या बी गप बसलो. तवापासनं पहिला तांदूळ तुमच्या दारात आणतो. दुसरं काय करू?"

पोतं तिनंच ओढत आत घेतलं. मग मोबाईल काढून उभ्या उभ्या आनंदरावांना फोन लावला.

"काका, अब्बांचं नाव लिहा, सगळ्यात वर. तो गोल माझ्यामुळं झाला. मी डोहावर गेले होते, अब्बा मला शोधत होते. सत्काराला मी स्वतः माईकवर सांगणार आहे."

आवाजानं अय्युबभाई जागे झाले होते. कॉटवर उठून बसून ते घाबऱ्याघुबऱ्या हातानं तिला नको, नको करत होते, जणू ती अजून सात वर्षांची होती आणि सगळं भोर तिला चिडवायला दाराशी जमलं होतं. पायरीवर बसलेला गोरख त्यांना दिसला आणि त्यांचा हात खाली आला.

फौजिया त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. "अब्बा, मला वाटलं होतं..." एवढंच म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. काय वाटलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही. इतकी वर्षं भाकरीचे डबे त्यांनीही बहुधा मोजले होते.

त्यांनी हात तिच्या गालाला लावला.

"ती थप्पड," ते म्हणाले, "लई जोरात लागली व्हती का गं?"