कानशीचे दोन हात

"गुरुवारी चौथा नमुनाही अडकला, की हे जुनं पिस्तूल आपल्या यादीतून कायमचं बाद," मालकीणबाई ओर्नेल्ला सगळ्यांसमोर म्हणाल्या. "लोक मागतात, कळतं मला. पण प्लास्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल यंत्रातून निघतं नि डब्यात जातं. या पोलादी नवरदेवाला दर वेळी कुणाचे तरी हात लागतात. आणि ते हात यंदा निवृत्त होतायत."

ते हात माझ्या सासऱ्यांचे, फाउस्तिनोंचे. इटलीतल्या गार्दोने गावच्या या कारखान्यात ते बेचाळीस वर्षं सुटे भाग जुळवणारे जोडारी. मी तिथेच ड्रॉइंग काढते. नव्या यंत्राने ड्रॉइंगबरहुकूम केलेले तिन्ही नमुने चौथ्या-पाचव्या गोळीलाच अडकले होते. तेव्हापासून बाबा जेवणात मीठ आहे की नाही तेही बोलत नव्हते.

रविवारी घरी मी मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळत होते. माझी तान्ही लेक ज्युडिट्टा त्यांच्या मांडीवर बसून त्यांचं जाडजूड बोट चावत होती.

"बाबा, तुमच्या हातचं कधी अडकलं नाही ना?"

"नाही."

"मग पोलाद तेच, ड्रॉइंग तेच..."

"ड्रॉइंग!" ते फसकन हसले. "अगं, ते पहिल्यापासून चुकलंय. वरची पट्टी सरकते ना, ती खाच केसभर अरुंद आहे. आम्ही कानशीचे दोन हात मारायचो. झालं!"

माझ्या हातातला डाव हवेतच राहिला. "आणि हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"वस्तादानं मला दाखवलं, मी पुढच्यांना. कागद कोण वाचतं इथे?"

"मी काढते तो कागद!"

"म्हणून तर गप्प बसलो, सूनबाई. तुझ्या कागदात चूक काढली, तरी जेवायचं तुझ्याच हातचं असतं."

सोमवारी कारखान्याच्या कपाटातली सहा जुनी पिस्तुलं आम्ही उघडली. मी मापं घेत होते, बाबा खाचेवरून अंगठा फिरवत होते. "ही माझी. ही माझ्या जोडीच्या पिएरिनोची, मेला जास्तच घासायचा." सहाही खाचा ड्रॉइंगपेक्षा रुंद निघाल्या. मी ड्रॉइंगमधला आकडा बदलला.

गुरुवारी गोळ्या झाडायच्या चाचणीत चौथा नमुना न अडकता चालला. एक मॅगझिन, दुसरं, दहावं. बाबांनी कानावरची टोपणं काढलीच नाहीत. कौतुक ऐकायची त्यांना सवय नाही.

"शंभर करू," ओर्नेल्लाबाई म्हणाल्या. "खपली तर पुढचं बघू."

घरी आल्यावर बाबांनी चष्मा लावला. ड्रॉइंग टेबलावर पसरून जन्मात पहिल्यांदा नीट वाचलं.

"सूनबाई, घोड्यापाशी बघ. इथेही आम्ही थोडं..."

मी ज्युडिट्टाला त्यांच्याकडे दिलं आणि पेन्सिल शोधायला उठले.