कमानींची पाठ

पुढच्या सोमवारपासून मी पुन्हा कामावर जाणार होते. नेल दहा महिन्यांची झाली होती, बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि पाळणाघर मिळालं होतं ते माझ्या ऑफिसच्या गल्लीत, शेफिल्डला. म्हणजे प्रश्न एकच उरला होता: रोज सकाळी तिला मागे बसवून कुठल्या रस्त्याने जायचं? मोटरवेने पटकन पोचतो. जुन्या रस्त्याने त्याच्या दुप्पट वेळ, ट्रॅक्टर आडवा आला तर आणखी. पण आमच्याकडच्या मोटरवेची कडेची पट्टी, गाडी बंद पडली तर थांबायची, ती केव्हाच गेली. तिची चौथी लेन झाली. आता डोक्यावर कमानी, कमानींवर दिव्यांच्या पाट्या, खांबांवर कॅमेरे आणि रडार. मधूनमधून गाडी बाजूला घ्यायला केशरी रंगाचे थांबे आहेत, पण गाडी थांब्याजवळच बंद पडेल असं कुणी लिहून दिलेलं नाही. ती लेनमध्ये अडकली की मागच्या कमानींवर त्या लेनवर लाल फुली लागते. फुली म्हणजे इथून जायचं नाही.

या फुल्या लावणं हेच माझ्या नवऱ्याचं काम. डॅरेल कंट्रोल रूममध्ये बसतो. आणि माझ्या बाबांचा जन्म गेला बंद पडलेल्या गाड्या ट्रकवर चढवून नेण्यात. दोघं रविवारी एका टेबलावर आले की मी नेलला घेऊन मध्ये बसते.

"जावईबापू, ग्रेव्ही सरकवा जरा," बाबा म्हणाले. "का आधी रडारला विचारावं लागतं?"

"रडारने बघितलंय. तिसऱ्यांदा घेताय तुम्ही."

"पट्टी होती तेव्हा माणूस गाडी बाजूला घ्यायचा आणि मी येईपर्यंत गवतात बसून सँडविच खायचा. आता काय, लेनमध्ये बसून देवाचं नाव घ्या."

"आणि त्या पट्टीवरच मागून येऊन लोक आपटायचे. ते पण सांगा की तुमच्या लेकीला."

बाबांनी बटाटा कापला, खाल्ला नाही.

"ब्रायनी, जुन्या रस्त्यावर जास्त माणसं मरतात," डॅरेल माझ्याकडे वळला. "वळणं, समोरून येणारी वाहनं. आकडे दाखवू का?"

"आकडे नकोत. नेलचं सांग."

"नेल आकड्यांतच आली ना."

"माझी नात आकड्यांत येत नाही," बाबा म्हणाले. मग थाळीकडे बघत, "पण खरंय ते. चेपलेल्या गाड्या मी त्या जुन्या रस्त्यावरूनच जास्त उचलल्यात."

दोघांचं एकमत झालेलं बघून मला बरं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, आता विचारायला कुणीच उरलं नाही.

जेवण झाल्यावर डॅरेलने मला अंगणात उभ्या गाडीत बसवून रंगीत तालीम करायला लावली. गिअरच्या दांड्यावरून पलीकडे सरकायचं, डाव्या दाराने उतरायचं. नेलची खुर्ची मागे डावीकडेच बांधलेली असते, तिला काढायचं. कठडा ओलांडायचा. गाडीच्या मागच्या अंगाला जाऊन उभं राहायचं, कारण कुणी आपटलं तर गाडी पुढे ढकलली जाते. मग आपत्कालीन नंबर. आणि बॅगेसाठी परत जायचं नाही.

"दुधाची बाटली बॅगेत असली तरी?"

"ब्रायनी."

"बरं बाबा, नाही जात."

शेजारची बाई कुंपणावरून हे सगळं बघत होती. "गाडी विकत घेताय की विकताय?" तिने विचारलं.

गुरुवारी पाळणाघरात नेलला तासभर रुळवायचं होतं. मी मोटरवेनेच निघाले. सोमवारी पहिल्यांदा जाण्यापेक्षा आधीच एकदा भीती मोडावी, एवढाच विचार. डाव्या लेनमध्ये, ट्रकच्या मागे बेताने चालले होते. नेल मोज्याशी झटापट करत होती. एक केशरी थांबा मागे गेला, आणि तो गेल्यावर डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागले. पेडल दाबलं तरी गाडीला जोर येईना. पुढच्या थांब्याची पाटी दिसत होती, थांबा दिसत नव्हता. गाडी होता होईल तेवढी डावीकडे घेतली, चारही इंडिकेटर लावले, आणि ती थांबली.

तालीम केली होती म्हणून हात आपोआप चालले. सरकले, उतरले, नेलला काढलं. एक मोजा गाडीतच राहिला. कठडा ओलांडून उतारावरच्या ओल्या गवतात मागे मागे गेले आणि फोन काढला. आणि मग ती चूक केली, जी इथे फक्त कंट्रोल रूमवाल्याचीच बायको करेल. मी आपत्कालीन नंबर लावला नाही. मी डॅरेलला लावला.

कंट्रोल रूमवाल्यांचे फोन शिफ्टमध्ये लॉकरात असतात. मला ते लग्नाआधीपासून माहीत आहे. तरी पूर्ण वाजू दिला, आणि पुन्हा लावला. सगळ्या वाहनांचा आवाज पोटात वाजत होता. एक ट्रक अगदी जवळ येईपर्यंत सरळ आला, मग भोंगा वाजवत उजवीकडे गेला. नेल हसली. तिला ट्रक आवडतात.

तेव्हा कुठे मी योग्य नंबर लावला. फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, "तुमची गाडी आम्हाला दिसतेय. फुली लागलेली आहे. बाळ तुमच्याबरोबर आहे ना? कठड्यापलीकडेच राहा."

फुली लागलेली आहे. मी मागच्या कमानीकडे बघितलं. आणि लक्षात आलं की मला ती दिसणारच नाही. पाट्या येणाऱ्यांसाठी असतात. मी जिथे उभी होते तिथून कमानींची फक्त पाठ दिसते: करडे डबे आणि वायरी. माझ्यासाठी लावलेली फुली खरोखर आहे की नाही, हे येणाऱ्या गाड्यांवरूनच ओळखायचं.

मग डावी लेन विरळ झाली. एक गाडी आली, तिने लेन बदलली. मग नाहीच कुणी. तीन लेन भरून वाहत होत्या आणि माझ्या गाडीमागे रिकामं डांबर लांबवर पसरलेलं. मी रडले नाही, पण नेलच्या टोपीत तोंड खुपसलं.

आणि त्या रिकाम्या डांबरावरून एक चंदेरी गाडी आली. रिकामी लेन बघून मोह झाला असेल, किंवा वर बघितलंच नसेल. शेवटच्या क्षणी ती वळली. माझ्या गाडीचा उजवा आरसा उडाला, त्याचे तुकडे डांबरावर सांडले, आणि ती न थांबता निघून गेली.

गस्तीच्या गाडीतला माणूस आला तेव्हा त्याने तुकडे पायाने बाजूला केले. "सगळं बरोबर केलंत, बाईसाहेब. मोजा कुणाचा? हिचा?" तो गाडीत वाकला आणि मोजा घेऊन आला.

संध्याकाळी बाबा आले. डॅरेल नेलला मांडीवरून उतरवायला तयार नव्हता.

"मी जेवायच्या सुट्टीवर होतो, सँडविच खात," तो म्हणाला. "रडारची घंटी माझ्या शेजारच्या नोरीनच्या टेबलावर वाजली. तिने कॅमेऱ्यात बघितलं आणि फुली लावली. तुझा फोन येण्याआधीच. तुझी गाडी आहे हे तिला माहीतसुद्धा नव्हतं."

"म्हणजे चाललं तुमचं यंत्र," बाबा म्हणाले.

"चाललं."

"आणि तो आरसा?"

"तो यंत्राने नाही फोडला. माणसाने फोडला."

"मग माणसांना काढा रस्त्यावरून. की झालं."

 डॅरेल नेलचे पाय चोळत राहिला. मी चहा टाकायला उठले. ज्याच्यावर माझा विश्वास होता तो माणूस त्या वेळी सँडविच खात होता, आणि ज्यावर नव्हता ते सगळं जागेवर होतं. हे मी दोघांनाही बोलले नाही.

सोमवारी बाबांच्या मित्राने दुरुस्त करून, नवा आरसा लावून दिलेल्या गाडीतून आम्ही निघालो. गोलचौकात जुना रस्ता सरळ जातो, मोटरवे डावीकडे. मागे एकाने हॉर्न वाजवेपर्यंत मी थांबले, मग डावीकडे वळले. भीती गेली नव्हती. जुन्या रस्त्याचीही होतीच. तिथे तर फुली लावायलाही कुणी नाही.

अर्ध्या वाटेवर कमानीवर डाव्या लेनवर लाल फुली होती. समोरून पहिल्यांदाच इतकी नीट बघितली. मी लगेच उजवीकडे सरकले. आरशात बघितलं तर मागची पांढरी व्हॅन तशीच, डाव्या लेनमध्ये. "सरक ना रे बाबा," मी म्हणाले. नेलने मागून काहीतरी ओरडून दुजोरा दिला. पुढची कमान आली, तिच्यावरही फुली. तेव्हा व्हॅनने इंडिकेटर दिला आणि ती माझ्या मागे आली.

मग ती गाडी दिसली, लाल, चारही दिवे लुकलुकत होते. कठड्यापलीकडे, गाडीच्या मागच्या अंगाला, पावसाळी जाकीट घातलेला एक म्हातारा उभा होता. मान वर करून तो आमच्या मागच्या कमानीच्या पाठीकडे बघत होता. मी त्याला हात केला, फुली लागलीय म्हणून. त्याला तो दिसला नसणार.