कणसरीच्या आधी

कविता कॅफेत शिरली ती धगधगतच.

मुरबाडच्या या सायबर कॅफेत, भारनियमनाच्या वेळा सांभाळत, तिनं उन्हाळाभर एक दुकान उभारलं होतं, नेटवरचं. दुकानाचा तयार सांगाडा नेटवरून उतरवून घेतला, सिद्धगडाखालच्या आपल्या वाडीचा मध, हिरडा, टोपल्या त्यात मांडल्या आणि गणपतीच्या सुमाराला सगळं सर्व्हरवर चढवलं. वाडीतल्या बायांना तिनं एकच शब्द दिला होता : नवा तांदूळ धान्याच्या देवीला, कणसरीमायेला दाखवल्याबिगर विकायला ठेवणार नाही.

आणि आज सकाळी कल्याणचं एक गिऱ्हाईक जीप घेऊन थेट खळ्यावर आलं. हातात छापील कागद. "नवा तांदूळ द्या. नेटवर बुक केलाय."

भात नुकतंच झोडायला घेतलेलं. बायांनी एकदम कविताकडे पाहिलं. गंगीकाकीनं तर गाण्याच्या चालीवरच हाणलं,

"पयला गो घास कल्यानच्या शेटाला,
उष्टं-खरकटं माज्या कणसरीला!"

"जगदीशभाऊ, तांदूळ कोणी चढवला?" कॅफेत पाऊल टाकताच तिनं विचारलं.

कॅफेवाला जगदीश खुर्चीत रेलला. "मीच. तू वाडीवर होतीस. नवा म्हटलं की गिऱ्हाईक उडी मारतं. देव काय नेट बघतो?"

"देव नाय बघत, काकी बघते! तिच्याच शेताचा फोटो लावून तुमी तिच्या देवीला उष्टं दाखवलंत."

"आवाज कमी. सर्व्हरचं भाडं मी भरतो."

"मग चिखलात उतरून भाताची आवणी पण तुमीच करायची व्हती!"

तिनं कीबोर्ड ओढला. आधी तांदूळ गेला. मग मध गेला, हिरडा गेला, टोपल्या गेल्या. फोटोतल्या बाया एकेक करून पडद्यावरून उतरल्या. तिचा हात थांबला नाही.

"येडी झालीस? उन्हाळाभराची मेहनत!"

"माजीच व्हती."

दिवस कलताना ती खळ्यावर जाऊन उभी राहिली. काकीनं मान वर केली नाही.

"काढलं, काकी. सगळंच."

"आन् तो जीपवाला?"

"थांबंल."

"नाय थांबला तं?"

"तं मरू दे उपाशी!" कविता किंचाळली.

बाया दचकल्या, मागं कुणी तरी खुसखुसलं. काकी हसली नाही. तिनं शेजारचं सूप पायानंच कविताकडे सरकवलं.

"वरडतेस काय गो? पाखड. उद्या मायला दाखवायचाय."