माझा आकडा आणि शिवकुमारची मान

मित्रांनो, मी साखर मोजायचा एक जुना ग्लुकोमीटर आहे. खोटं बोलणं मला येत नाही, आणि तरीही माझ्यावर विसंबून एक माणूस दोन वर्षं फसला.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा मला एकच विद्या मिळाली. बोटावरचा रक्ताचा थेंब पट्टीवर आला की त्यातली साखर सांगायची. बाकी मुका. सास्तूरला मी आलो तो महालिंगप्पांसाठी. ते भुसार मालाचे व्यापारी. मी आलो तेव्हा त्यांची साखर तीनशेच्या वर गेली होती आणि पायाची जखम भरत नव्हती. मी रोज खरं सांगितलं, पण ते वरातीमागून घोडं. ते गेले आणि मी काळ्या पाकिटात, देवघराच्या फळीवर, विभूतीच्या डबीशेजारी पडून राहिलो.

पुढं त्यांचा मुलगा शिवकुमार दर सोमवारी मला बाहेर काढू लागला. बापाचा आजार आपल्याला गाठेल, या धास्तीनं तो उपाशीपोटी बोट टोचायचा. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. मग पूजेला बसण्याआधी तो आईला, शांतम्मांना, माझं कौतुक ऐकवायचा. कौतुक कुणाला नको असतं? मीही फुगलो.

पण पाकिटाची चेन तुटली होती आणि त्या फटीतून मला घर दिसायचं. जेवला की शिवकुमारला पेंग यायची. जागा झाला की पुन्हा भूक. पोट सुटलं. मानेवर मळकट काळा पट्टा उठला. शांतम्मांनी तो शिवदाऱ्याच्या माथी मारला. लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग बांधायचा दोरा म्हणजे शिवदारा. तो मान घासतो, असं त्यांचं म्हणणं. सुती दोरा जाऊन रेशमी आला, मग त्याहून मऊ आला. श्रीदेवी, शिवकुमारची बायको, लिंबू-हळद चोळून दमली. पट्टा काही हलला नाही. शिवकुमार निर्धास्त होता, कारण माझा आकडा चांगला होता.

मला ओरडावंसं वाटे. काय बिघडलंय ते मलाही कळत नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय हे दिसत होतं. आणि माझ्या तोंडात शब्दच नाहीत. दर सोमवारी मी त्या आकड्यात कोंडला जायचो आणि वर शाबासकी घ्यायचो. फार लाज वाटायची.

एके सकाळी शिवकुमार उघड्या अंगानं घंटा पुसायला हात वर करून उभा होता. श्रीदेवी बघतच राहिली. काखही तशीच काळी होती.

"अहो, दोरा काखंत जातोय व्हय?" ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ती त्याला घेऊन लोहाऱ्याला डॉक्टरांकडे गेली. तपासणीत साखर माझ्यासारखीच आली, पण इन्सुलिन हवं त्याच्या कितीतरी पट. घरी येऊन तिनं सगळं समजावून सांगितलं. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर कशीबशी जागेवर ठेवतं. त्या जादा इन्सुलिननंच मानेची, काखेची कातडी काळी पडते. गाडी वेळेवर पोचते म्हणून बैल दमला नाही असं नसतं, असं डॉक्टर म्हणाले होते. हा बैल वर्षानुवर्षं ओढतो आणि एक दिवस बसतो. मग साखर चढते. चालणं वाढवलं, गोड चहा आणि पोट कमी केलं, तर आत्ताच त्याचं ओझं हलकं होईल.

शांतम्मांनी मुलाच्या मानेवरून बोट फिरवलं.

"तुझ्या आप्पाची मानबी अशीच काळी होती," त्या म्हणाल्या. "साखर यायच्या लई वर्षं आधी. म्या नुसता दोराच बदलत बसले."

शिवकुमारनं आईचा हात धरला.

पुढच्या सोमवारी मी त्र्याण्णव दाखवलं. या वेळी कौतुक झालं नाही. त्यानं मला पाकिटात ठेवलं, चपला घातल्या आणि श्रीदेवीबरोबर शिवाराच्या वाटेनं चालायला गेला. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

मित्रांनो, मला जपा, माझ्या पट्ट्या ताज्या ठेवा. पण त्याच थेंबातलं इन्सुलिन ओळखायचा डोळा मला दिलेला नाही, हे विसरू नका. तुमच्या घरात कुणाची मान अशी काळी पडली, तर माझा आकडा चांगला असला तरी डॉक्टरांना दाखवा. महालिंगप्पांच्या मानेवरही ते लिहिलेलं होतं, आणि घरानं दोरे बदलले.