अक्षराचा पाय

मी आणि माझी नात टिंबू एकाच वर्षी वाचायला शिकलो. ती सहा वर्षांची होती, मी चौपन्न. त्याआधी तीस वर्षं मी दगडावर अक्षरं कोरत होतो: घरांच्या पाट्या, इमारतींच्या कोनशिला, गेलेल्या माणसांची नावं. कागदावर काढून मिळेल ते दगडात उतरवायचं, एवढंच ठाऊक. काय लिहिलंय हे विचारायची लाज वाटायची.

टिंबू आता अक्षरं घडवते, पण कॉम्प्युटरवर. वाचनालयाची नवी इमारत बांधून होत आली होती आणि तिच्या नावासाठी खास फॉन्ट करायचं काम तिच्याकडे आलं होतं. दर्शनी भिंत, दालनांच्या पाट्या, सभासदांची कार्डं, सगळीकडे तोच जाणार होता.

"बारीक मजकुरासाठी नाही हा, आजोबा," ती म्हणाली होती. "लांबून बघायचा आहे."

जाड उभे दंड, केसासारखी बारीक वळणं आणि प्रत्येक दंडाच्या तळाशी एक छोटा पसरट पाय. तो पाय माझा. दगडात रेघ नुसती तोडली तर कड उडते, म्हणून आम्ही टोक जरा रुंद करत असू. टिंबूनं माझ्या दगडांवर कागद धरून, पेन्सिल घासून तो उतरवून घेतला. ही गोष्ट सांगून सांगून मी शेजाऱ्यांना बेजार केलं होतं.

पण वाचनालयाच्या मुख्य बाईंनी नमुना दोनदा परत पाठवला. देखणा आहे, पण मोठा केला की पडेलसा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. सोमवारी शेवटचं दाखवायचं होतं. तेव्हाही जमलं नाही तर वाचनालयवाले बाजारातला तयार फॉन्ट घेणार होते.

शनिवारी सकाळी टिंबूनं वाचनालयाचं नाव लांबलचक कागदावर छापून आणलं आणि फरशीवर पसरलं.

"दंड जाड केले, बारीक केले, शिरोरेघ बदलली. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना."

मी कागदाच्या वरच्या बाजूला जाऊन बसलो.

"बसले उलटे," टिंबूची आजी स्वयंपाकघरातून म्हणाली. "पेपरसुद्धा उलटा धरायचे. मी सुलटा करून दिला की रागवायचे."

खोड जुनी आहे. माझे वस्ताद आणि मी एकाच दगडावर समोरासमोर बसायचो. ते सरळ बाजूनं, मी अक्षरांच्या डोक्याकडून. एक अक्षर त्यांचं, एक माझं. वाचताच येत नव्हतं, मला उलटं काय आणि सुलटं काय. वस्ताद गेले तरी मी माझी जागा सोडली नाही.

दोष मला पहिल्या नमुन्यातच दिसला होता. आमची छिन्नी उजवीकडे थोडी जास्त जायची. त्यामुळे वस्तादांच्या अक्षराच्या पायाचं उजवीकडचं टोक, आम्ही त्याला बोट म्हणायचो, लांब यायचं. मी समोर बसलेला, म्हणून सरळ बघितलं की माझं डावीकडे. दोघांची अक्षरं शेजारी असली की ओळ तोलून उभी राहायची. टिंबूनं कागद घासला होता तो मी एकट्यानं कोरलेल्या दगडांवर. छोट्या पाटीवर ते खपून जायचं. पुरुषभर उंचीच्या अक्षरांत सगळी ओळच मागे रेलत होती.

दोन महिने मी तोंड उघडलं नव्हतं. शेजाऱ्यांना काय सांगणार होतो?

"टिंबू, दंडांचा काही दोष नाही," मी म्हटलं. "दोष माझ्या पायाचा आहे."

"दुखतोय का?"

मग मी सगळं सांगितलं. ती उठून माझ्या बाजूला येऊन बसली आणि उलटा कागद बघत राहिली.

"इतक्या वर्षांत कुणी काही बोललं नाही?"

"ज्यांची नावं कोरली, ते काय तक्रार घेऊन येणार?"

ती हसली, पण लगेच थांबली. "मग पाय काढून टाकू? आजोबा, सगळा फॉन्ट त्याच्यावरच बेतलाय."

"काढू नकोस. वस्तादांचं बोट लाव. डावीकडे माझं, उजवीकडे त्यांचं, दोन्ही सारखी." मी खडूनं फरशीवर काढून दाखवलं. हात अजून थरथरत नाही माझा.

रविवारभर तिनं एकेक अक्षर पुन्हा केलं. सोमवारी मी बरोबर गेलो. टिंबूनं नवा कागद दालनाच्या भिंतीवर लावला. बाई पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून बघितलं.

"आता उभा राहिला," त्या म्हणाल्या. "काय केलंत?"

"आजोबांनी चूक दाखवली," टिंबू म्हणाली.

"कोणाची?"

"माझीच," मी म्हटलं. सांगताना छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

पितळेची अक्षरं भिंतीवर चढली त्या दिवशी आम्ही तिघं समोरच्या बसथांब्यावर उभे राहिलो.

"मान वाकडी करू नका, लोक बघतायत," आजीनं बजावलं.

मी मान ताठ ठेवून सगळं नाव मोठ्यानं वाचलं. शेजारी एक माणूस बसची वाट बघत होता. अक्षरं कोणी केली, असं त्यानं सहज विचारलं. टिंबूनं माझ्याकडे बोट दाखवलं, मी तिच्याकडे.

"या दोघांनी," आजी म्हणाली. "आणि एक वस्ताद होते यांचे. तो पाय बघा जरा." मग तिनं त्या माणसाला पहिल्या अक्षरापासून एकेक पाय बघायला लावला. चौथ्या अक्षरापाशी त्याची बस निघून गेली.