मोठी कोण

आमच्या हायस्कुलातली मुलं कमी होऊ लागली, तेव्हा सुरुवातीला कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. नदीपलीकडे कारखाने आले, त्यांच्यामागे उंच इमारती उठल्या, आणि आमच्या भागातली कुटुंबं एकेक करून सामान बांधून तिकडे गेली. वर्गातले मागचे बाक रिकामे झाले, मग मधले. एका वर्षी नववीच्या सगळ्या तुकड्या मिळून एकच केली, तरी खिडकीजवळच्या जागेवरून भांडण होईना. तेव्हा मात्र मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

पट घसरला की शिक्षक जास्त होतात. गणिताच्या आम्ही दोघी होतो, त्यातली एक जास्त झाली. तिला नदीपलीकडच्या हायस्कुलात जायचं होतं. तिथे म्हणे शाळा दोन पाळ्यांत भरे आणि एकेका बाकावर चौघं बसत. आमच्यातून तिकडे गेलेल्या इतिहासाच्या बाईंचा आवाज महिन्याभरात बसला, ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत रोज कुणीतरी नव्यानं सांगे.

नियम साधा होता. नोकरीला जी मागाहून लागली, ती जाणार. दोघी एकाच दिवशी लागल्या असतील, तर वयानं धाकटी जाणार. आता गंमत अशी, की गणिताच्या त्या दोघी म्हणजे मी आणि माझी जुळी बहीण, आणि नोकरीलाही आम्ही एकाच दिवशी लागलेल्या. चेहऱ्यानं आम्ही इतक्या सारख्या, की मुलं आम्हाला खडूवरून ओळखत. मी डाव्या हातानं लिहायची, ती उजव्या. म्हणून मी डावी बाई आणि ती उजवी बाई.

हेडसरांनी आम्हाला बोलावून विचारलं, तुमच्यात मोठी कोण? आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आम्हाला खरंच माहीत नव्हतं.

"बाई," चष्मा काढून टेबलावर ठेवत ते म्हणाले, "माझा जन्म शाळेत गेला. थाप मारताना मुलं अशीच एकमेकांकडे बघतात."

घरी विचारून या, सोमवारी सांगा, असं म्हणून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं.

दोघींनाही आपली शाळा सोडायची नव्हती, म्हणजे दोघींनाही मोठी व्हायचं होतं. घरी जाताना ती म्हणाली, मीच मोठी असणार, माझं डोकं शांत आहे. मी म्हटलं, शांत डोक्याची माणसं उशिराच येतात, त्यांना घाई कुठे असते! हसलो, पण हसू काही टिकलं नाही.

लहानपणी आईला आम्ही हे कितीदा तरी विचारलं होतं. "दोघी एकदमच आलात, दारात गर्दी झाली होती," एवढंच ती सांगायची. आम्हाला वाटायचं, थट्टा करतेय.

आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. आम्ही तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, आता तरी खरं सांग.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"आई, थट्टा पुरे."

"थट्टा नाही गं. जुळं आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी नर्सला म्हटलं, दोघांना एकसारख्या दुपट्यांत गुंडाळा आणि आधी कुठलं आलं ते मला सांगू नका. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. दोन्ही बाळं शेजारी आणून ठेवली, तेव्हा उघडले."

आई सात भावंडांत थोरली. शाळेत हुशार होती, पण धाकट्यांसाठी तिची शाळा सुटली, आणि पुढे ज्यावर तिचं मन होतं ते बरंच काही सुटलं. प्रत्येक वेळी तिला एकच वाक्य ऐकवलं गेलं. ते आम्हालाही पाठ होतं, मात्र तिच्या तोंडून आम्ही ते आमच्यासाठी कधी ऐकलं नव्हतं, हे त्या क्षणी लक्षात आलं.

"कळलं असतं, तर एक ना एक दिवस बोलून गेले असते," आई म्हणाली. "तुम्ही भांडत असता, मी दमलेली असते, आणि म्हटलं असतं, तू मोठी ना, समजून घे. एकदा म्हटलं की ते जन्मभर संपत नाही."

आणि तिनं पुढची शेंग उचलली.

पुढे काही वर्षांनी मी स्वतः बाळंत झाले. कळा सुरू झाल्या, तेव्हा मला माझं नावसुद्धा धड आठवत नव्हतं. त्या वेळी आई डोळ्यांसमोर उभी राहिली. अशा वेदनांत, अजून न पाहिलेल्या दोन पोरींचा पुढचा अख्खा जन्म या बाईला दिसला कसा? आपल्याच पोटच्या पोरींचा पहिला चेहरा न बघता ती पडून राहिली कशी? आज मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, तरी मला ते उमगलेलं नाही.

त्या दिवशी मटार सोलून संपल्यावर आई म्हणाली, "आता तुमचं तुम्ही ठरवा. पण कुणी समजून घ्यायचं नाही. जिला जावंसं वाटेल तिनं जायचं."

"आणि दोघींनाही नको वाटलं तर?" बहिणीनं विचारलं.

"निदान बघून तर या. न बघताच नाक मुरडताय."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं नदीपलीकडे गेलो. नेमकी पाळी बदलण्याची वेळ होती. फाटक एकच. सकाळची मुलं बाहेर येत होती, दुपारची आत शिरत होती, आणि दोन्ही लोंढे एकमेकांतून वाट काढत होते. एवढी मुलं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. बहिणीनं माझं कोपर घट्ट धरलं. "बाई गं, शाळा आहे की धरण फुटलंय?"

आम्ही त्या गर्दीबरोबरच आत ढकलल्या गेलो. एका खिडकीशी मी थबकले. वर्गात शिक्षक नव्हते. मुलं बाकांवर, खाली जमिनीवर, पार फळ्यापर्यंत बसलेली. फळ्यावर कुणीतरी समीकरण अर्धवट सोडवून ठेवलं होतं आणि त्यात एक चिन्ह चुकलं होतं. त्या चिन्हावरून अख्खा वर्ग हमरीतुमरीवर आला होता. आमच्याकडे मुलांच्या तोंडून एक शंका बाहेर काढताना माझी दमछाक व्हायची. इथे शिकवणारं कुणी नसताना पोरं वजाबाकीच्या चिन्हासाठी भांडत होती.

"चल," बहीण म्हणाली.

"थांब जरा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग वर्गाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुला हवीय ही शाळा," ती म्हणाली.

"हो."

"मला नकोय."

तिला ते म्हणताना अवघडल्यासारखं झालं नाही आणि मला ऐकताना राग आला नाही.

सोमवारी मी हेडसरांना सांगितलं, मी जाते.

"म्हणजे डावी धाकटी."

"नाही, सर."

"मग मोठी असून जाताय?"

"तेही नाही. मला जायचंय म्हणून जातेय."

तिकडे आपणहून जायला निघालेलं माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ पेन हातात धरून त्यांनी अखेर "विनंतीवरून" असं लिहिलं, आणि माझी तब्येत बरी आहे ना, असं बहिणीला हळूच विचारलं.

नव्या शाळेत पहिल्या तासाला मी दारातून पाऊल आत टाकलं आणि अख्खा वर्ग उभा राहिला. इतकी मुलं एकदम उठली की पायाखालची फरशी थरथरते, हे मला ठाऊक नव्हतं. बाक सरकले, खिडक्यांची तावदानं वाजली, आणि मग सगळं शांत झालं. सगळे डोळे माझ्याकडे लागले होते. "बसा" म्हणायचं असतं, हे मला कितीतरी वेळ सुचलंच नाही.